शाळेच्या ओसरीवरचे शंभर दाणे



एरवी या पानावर आपली गाठ पडते ती बी-बियाणे, खत-मूत, कीड-रोग यांच्या निमित्ताने. आज मात्र मी तुम्हांला शेताच्या बांधावरून उठवून गावच्या शाळेत नेणार आहे. "साहेबांनी शेती सोडून मास्तरकी कधी धरली?" असे कोणी म्हणेल. पण थोडा दम धरा. शाळेची वाट शेवटी आपल्याच शेतात येऊन पोहोचते, हे मला एका सातवीतल्या मुलीने शिकवले. तीच हकीकत आज सांगायची आहे.

आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्षभर काही ना काही चाललेले असते. पंधरा ऑगस्टला प्रभातफेरी निघते. झाडे लावली जातात. हिवाळ्यात स्नेहसंमेलन होते, कुठे मुलांचा भाजीबाजार भरतो. गावकरी वर्गणी देतात, मंडपवाला येतो, पाहुण्यांना नारळ आणि गुलाबाचे फूल मिळते. फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवशी शाळा आपल्या जागी, गाव आपल्या जागी. वर्गणी दिली की आपले काम संपले अशी आपली समजूत, आणि कार्यक्रम पार पडला की आपले काम संपले अशी शाळेची समजूत. या दोन समजुतींच्या मधल्या फटीत मुलांचे शिक्षण अडकून पडते.

माझीच एक चूक

दुसऱ्याला नावे ठेवण्याआधी स्वतःचे सांगतो. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून राज्यभरातून तक्रारी आल्या होत्या, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या लक्षात असेल. दुबार पेरणीने माणसे मेटाकुटीस आली होती. त्यानंतर घरच्या बियाण्याची उगवण तपासून मगच पेरणी करा, असे आम्ही गावोगाव सांगत सुटलो. शाळा पुन्हा नियमित सुरू झाल्यावर, २०२२ च्या एप्रिलात, माझ्या मंडळातल्या एका गावी मी शाळेतच हे प्रात्यक्षिक ठेवले. गाव सोयाबीनचे, शाळा सातवीपर्यंतची.

फलक रंगवून नेला. चांगल्या बियाण्याची एक पिशवी मीच बरोबर घेतली. गोणपाट ओले केले, दाणे मांडले, भाषण केले, फोटो काढला आणि निघालो. आठवड्याने गुरुजींनी फोनवर सांगितले, "साहेब, शंभरातले अठ्ठ्याऐंशी उगवले." मी खूश! अहवालात लिहून टाकले, 'प्रात्यक्षिक यशस्वी'.

पुढे जूनमध्ये त्या गावी गेलो आणि पाराजवळ विचारले, "पेरणीआधी उगवण कुणी-कुणी तपासली?" सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. एकानेही तपासली नव्हती. म्हणजे ज्यांच्या घरची मुले त्या ओसरीवर बसून दाणे मोजत होती, त्यांच्या घरातही ती गोष्ट पोहोचली नव्हती.

शाळेत डोकावलो आणि मुलांपुढेच माझे गाऱ्हाणे मांडले. तेव्हा सहावीतून नुकतीच सातवीत गेलेली एक मुलगी उभी राहिली. भीत भीत म्हणाली, "सर, पण ते बियाणं कुणाचं होतं?"

"का गं? मी आणलेलं होतं."

"मग आमच्या घरच्याचं काय, ते कसं कळणार?"

बंधूंनो, पंचवीसहून अधिक वर्षे मी खात्यात काम करतो आहे, पण इतका साधा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि मलाही सुचला नव्हता. जे बियाणे उगवणार हे मला आधीच ठाऊक होते, तेच मी मुलांकडून तपासून घेतले. त्यात शोधायचे काही नव्हते, म्हणून शिकायचेही काही उरले नव्हते. मुलांनी घरी जाऊन सांगावे तरी काय? साहेबाचे बियाणे चांगले आहे, एवढेच ना!

घरोघरचे दाणे

दुसऱ्या वर्षी, २०२३ च्या एप्रिलात, आम्ही रीत बदलली. फलक नाही, पाहुणे नाहीत. वर्गशिक्षिका बाईंनी सातवीच्या मुलांना सांगितले की ज्यांच्या घरी पेरणीसाठी सोयाबीन राखून ठेवले आहे, त्यांनी त्यातले थोडे आणावे. दाणे कसे काढायचे हेही शिकवले. पोत्याच्या तोंडाशी असतील तेवढेच उचलायचे नाहीत. वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ घ्यायची, एकत्र करायची आणि त्यातून न निवडता दाणे मोजायचे. निवडून टपोरे दाणे आणले तर ती बियाण्याची परीक्षा होत नाही, स्वतःचीच फसवणूक होते. रासायनिक औषध चोळलेले रंगीत बियाणे मात्र मुलांच्या हाती द्यायचे नाही, हा नियम पहिल्या दिवशीच घालून दिला.

पुढची कृती तुम्हांलाही घरी करता येण्याजोगी आहे, म्हणून नीट सांगतो. धुतलेले स्वच्छ गोणपाट पाण्यात बुडवून पिळून घ्यावे, म्हणजे ते ओलसर राहील पण पाणी गळणार नाही. त्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे, एकमेकांना चिकटणार नाहीत अशा बेताने मांडावेत. वरून दुसरे ओले गोणपाट झाकून हलक्या हाताने गुंडाळी करावी आणि सावलीत ठेवावी. वरचेवर पाणी शिंपडून ओल टिकवावी. सहा-सात दिवसांनी गुंडाळी उलगडून फक्त सशक्त मोड आणि चांगले मूळ असलेले दाणे मोजावेत. कुजके, बुरशी धरलेले, वाकडेतिकडे, अर्धवट फुगलेले दाणे हिशेबात धरू नयेत. एकाच पोत्याचे असे तीन वेळा शंभर-शंभर दाणे तपासून सरासरी काढली तर अधिक भरवसा धरता येतो.

शंभरात सत्तर किंवा त्याहून अधिक उगवले तर एकरी तीस किलो बियाणे पुरे. सत्तरच्या खाली प्रत्येक टक्क्याला साधारण अर्धा किलो बियाणे वाढवावे. म्हणजे पासष्ट उगवले तर एकरी साडेबत्तीस किलो. उगवण साठच्याही खाली असेल तर ते बियाणे म्हणून वापरू नये, दुसरे पाहावे. हा पुस्तकातला नफा-तोटा नाही की शेकडेवारीचे उदाहरण नाही. आपल्या चार एकरांचा हिशेब आहे. पण मुले तोच हिशेब शेकडेवारी म्हणून वहीत मांडत होती आणि बाई म्हणाल्या, "वर्षभर फळ्यावर शिकवून ज्यांना टक्के कळले नव्हते, त्यांना एका आठवड्यात कळले."

तेवीस घरचे दाणे आले होते. त्यांतल्या सहा घरांचे साठच्या खाली निघाले.

ती संध्याकाळ

आता खरी अडचण उभी राहिली. माझ्या मनात होते की निकाल शाळेच्या फळ्यावर लिहावा, म्हणजे साऱ्या गावाला कळेल. बाईंनी मला अडवले. म्हणाल्या, "साहेब, बियाणं घरचं आहे. ते खराब निघालं तर ती त्या घराची फजिती व्हायला नको. पुढच्या वर्षी कुणी दाणा देणार नाही." मला ते पटले. मग प्रत्येक मुलाने आपापल्या घरचा निकाल वहीच्या पानावर लिहून, घडी घालून घरी न्यावा आणि फळ्यावर फक्त किती घरांचे चांगले, किती घरांचे कमी, एवढेच लिहावे असे ठरले.

त्या सहा घरांत प्रश्न विचारणाऱ्या मुलीचेही घर होते. शंभरात शेहेचाळीस! तिचे वडील घरचे बियाणे राखण्यात गावात नावाजलेले. भाऊबंद त्यांच्याकडून बी नेत. बहिणीच्या घरीही यंदा बी द्यायचे त्यांनी कबूल केलेले. पोरीने दाणे पुन्हा मोजले, तिसऱ्यांदा मोजले. मग बाईंना म्हणाली, "बाई, गोणपाट चुकून बदललं असेल का?" बाईंनी तिला पुन्हा दाणे आणायला सांगितले. दुसऱ्या खेपेला चव्वेचाळीस निघाले.

कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात परतीच्या पावसाने काढणीला आलेले सोयाबीन भिजवले होते. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल नाजूक. शेंगेत भिजले, ओल असताना मळले, पोती उंच थप्पीला लागली किंवा आपटली गेली, की वरून दाणा पिवळाधमक दिसतो पण आतला कोंब जायबंदी झालेला असतो. नुसत्या डोळ्यांना हे दिसत नाही. चाळीस वर्षे शेती केलेल्या डोळ्यांनाही दिसत नाही. त्यात माणसाचा काही कमीपणा नाही.

घडी केलेला कागद घेऊन एकटीने घरी जायची पोरीची छाती होईना. संध्याकाळी बाई तिच्याबरोबर गेल्या. मीही गावातच होतो, सोबत गेलो. वडिलांनी कागद वाचला आणि बाजूला टाकला. "पोरांच्या खेळावर आम्ही पेरणी ठरवायची का? गावात माझ्या बियाण्याची अब्रू घालवता?" पोर दाराआड उभी. बाई गप्प, मी गप्प. तेवढ्यात चुलीपाशी बसलेली मुलीची आई बोलली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "गावाला कुठं सांगितलंय कुणी? पोरीनं घरात येऊन सांगितलं. हेच रानानं सांगितलं असतं, तर रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकानं बघितलं असतं."

त्यावर ते काही बोलले नाहीत. आम्ही चहा घेऊन उठलो.

पुढे काय झाले ते मला आठ-दहा दिवसांनी कळले. त्या गृहस्थांनी कोणाला न सांगता गोठ्याच्या कोपऱ्यात स्वतः गोणपाट भिजवले, स्वतः दाणे मांडले, स्वतः मोजले. मग ते सोयाबीन बियाण्यासाठी न ठेवता आडतीवर विकले आणि ज्यांच्या घरचे ब्याऐंशी निघाले होते त्यांच्याकडून रोखीने बी घेतले. बहिणीलाही निरोप धाडला, "यंदा माझं बी नको, दुसरं बघ." हा निरोप धाडणे त्यांना किती जड गेले असेल, ते बी राखणाऱ्या माणसालाच कळेल.

ही परीक्षा एप्रिलात झाली म्हणून हे सारे करायला वेळ मिळाला, हेही ध्यानात घ्या. जूनमध्ये शाळा उघडल्यावर हे करू म्हटले असते तर पेरणीची घाई आणि बियाण्याची टंचाई एकदमच दाराशी आली असती.

पावसाची पाटी

त्याच वर्षी शाळेत पाऊस मोजायलाही सुरुवात झाली. महसूल मंडळाचे पर्जन्यमापक आपल्या गावापासून कित्येकदा चार-पाच कोस लांब असते. तिथे धो धो पडतो तेव्हा आपल्याकडे नुसती झुळूक येते. म्हणून गावचा पाऊस गावानेच मोजावा. त्याला मोठे यंत्र लागत नाही. सरळ उभ्या भिंतींचा आणि सपाट तळाचा डबा घ्यावा. झाड, भिंत, छप्पर यांपासून दूर, मोकळ्या जागी, वाऱ्याने पडणार नाही असा रोवावा. रोज सकाळी साडेआठ वाजता आतल्या पाण्यात पट्टी उभी धरावी. पाणी जितके मिलिमीटर, तितका चोवीस तासांतला पाऊस. नोंद केली की डबा रिकामा करून परत जागी ठेवावा.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एकराला सुमारे चार हजार लिटर. हे गणित मुलांनी सोडवले आणि पाटी शाळेच्या फाटकाबाहेर टांगली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. आजचा पाऊस इतका, आजवरचा इतका. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याखेरीज सोयाबीन पेरू नये, असे आम्ही घसा कोरडा करून सांगतो. पण पहिली सर पडली आणि शेजाऱ्याची तिफण निघाली की आपलाही धीर सुटतो. २०२३ साली तर पाऊस लांबलाच होता. जून सरत आला तरी माणसे आभाळाकडे पाहत होती. त्या दिवसांत शाळेच्या फाटकापाशी उभे राहून आकडा वाचणारे म्हातारेकोतारे मी पाहिले आहेत. "अजून अठ्ठावीसच आहे. थांबा," असे एक आबा दुसऱ्याला सांगत होते. मी सांगितलेले त्यांनी कधी ऐकले नव्हते. नातवाने लिहिलेले ऐकले.

आता कोणी विचारील, मग त्या गावाला भरघोस पीक आले असेल? नाही आले. २०२३ च्या ऑगस्टने पावसाची मोठी उघडीप दिली, शेंगा भरायच्या दिवसांत रान तापले आणि उतारा घटला. शाळा पाऊस पाडू शकत नाही. पण त्या सहा घरांपैकी ज्यांनी बियाणे बदलले, त्यांच्यावर दुबार पेरणीची पाळी आली नाही. बियाण्याचा, खताचा, नांगरटी-पेरणीच्या मजुरीचा एक पुरा फेरा वाचला. दुष्काळाच्या वर्षात तेवढाच आधार. उगाच फुगवून सांगणे बरे नव्हे.

शिकणे आणि राबणे

या ठिकाणी एक शंका येते आणि ती रास्त आहे. "पोरं शाळेत शिकायला पाठवतो, माती कालवायला नाही," असे अनेक पालक म्हणतात. त्यांना मी दोष देत नाही. मी शाळकरी असताना आमचे एक शिक्षक कार्यानुभवाच्या नावाखाली आम्हांला स्वतःच्या मळ्यात शेंगा तोडायला नेत. आम्ही उनाड पोरे, वर्ग चुकतो म्हणून हरखून जायचो. पण घरी आल्यावर वडिलांनी विचारले, "आज काय शिकलास?" त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. वडिलांचा चेहरा मला अजून आठवतो. स्वतः लोकांच्या रानात राबून त्यांनी मला शाळेत घातले होते.

म्हणून मी एक साधी कसोटी लावतो. काम संपल्यावर मुलाच्या वहीत काही उतरले का? आणि त्या कामाचा लाभ कोणाला झाला, मुलांना व गावाला की एकट्या कोणाला? वहीत काही नसेल आणि लाभ एकट्याचा असेल तर ती वेठ समजावी आणि पालकांनी सरळ जाऊन विचारावे. फवारणी, औषधांचे डबे, विहिरीचे काम, यंत्राशी संबंध येईल असे काहीही मुलांकडून करून घेऊ नये, मग उद्देश कितीही चांगला असो.

पण वेठीच्या भयाने हाताचे शिक्षणच टाकून देणे हेही शहाणपण नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात, प्राथमिक शाळेत लिहिणे, वाचणे, हिशेब यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे असावेत असे सुचवले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि स्वावलंबनाने शिकणाऱ्या मुलांच्या पिढ्या उभ्या केल्या. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी उद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. या थोर माणसांना मुलांकडून फुकट काम करून घ्यायचे नव्हते. ज्या हातांना काम ठाऊक आहे त्यांना अक्षर मिळावे, आणि ज्यांना अक्षर मिळाले त्यांनी कामाला हलके समजू नये, एवढीच त्यांची तळमळ होती. आज आपल्या घरात काय दिसते? मुलगा बारावी झाला की वडिलांच्या शेताकडे पाहायला लाजतो आणि वडील त्याच्या पुस्तकाकडे पाहायला बिचकतात. शंभर दाण्यांच्या त्या गोणपाटावर मात्र दोघेही वाकून मोजताना मी पाहिले आहेत.

आईचा पहिला प्रश्न

पुन्हा त्या मुलीच्या आईकडे येतो. ती शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य होती, म्हणजे यादीत तिचे नाव होते. बैठकीची सूचना घरी यायची, सही व्हायची, संपले. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात अशा समितीवर तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या सदस्य महिला असाव्यात असे स्पष्ट लिहिले आहे. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, अनुदान कसे खर्च होते ते पाहणे, शाळेचा विकास आराखडा तयार करणे ही समितीची कामे आहेत. पण अनेक गावांत ही समिती कागदावर नांदते आणि बैठक म्हणजे गुरुजींनी लिहिलेल्या इतिवृत्ताखाली सह्या.

त्या जुलैत ही बाई पहिल्यांदा बैठकीला गेली. कोपऱ्यात बसली. शेवटी विचारले, "दुपारच्या खिचडीत पालेभाजी का नसते?" गुरुजी म्हणाले, "काकू, भाजीचा खर्च परवडत नाही." त्यावर ती म्हणाली, "मग पिकवा की. हात धुण्याचं पाणी रोज गटारात जातं."

इतके सोपे होते ते. शाळेच्या मागे गुंठाभर जागा होती. केंद्र शासनाने २०१९ मध्येच शाळांमधल्या पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या, पण कागद कपाटात राहिला होता. मुलांनी वाफे आखले. आयांनी बी दिले. कोणी मेथी, कोणी अंबाडी, कोणी दोडका आणि वाल. एका आजीने मुलांना तांदुळजा आणि घोळ ओळखायला शिकवले, न पेरता उगवणाऱ्या या भाज्या आताच्या पोरांना तण वाटतात. स्वयंपाकी ताईंनी कोणत्या दिवशी किती भाजी लागेल ते सांगितले आणि मुलांनी तोडलेल्या भाजीचे वजन वहीत टिपायला सुरुवात केली.

शाळेच्या परसबागा बहुधा कशाने मरतात, ठाऊक आहे? किडीने नव्हे, सुट्टीने. दिवाळीत आणि मे महिन्यात पाणी घालायला कोणी नसते. म्हणून पहिल्या दिवशीच सुट्टीतली पाळी ठरवली. बचतगटाच्या बायकांनी वार वाटून घेतले. मे महिन्यात पालेभाजीचा हट्ट धरायचा नाही असेही ठरले. शेवगा, कढीपत्ता, लिंबू अशी तग धरणारी झाडे कडेने लावली, म्हणजे उन्हाळ्यात निदान तेवढी जगतात आणि जूनमध्ये मुले परत येतात तेव्हा बाग अगदीच ओसाड दिसत नाही.

आपल्याला काय करता येईल?

बंधू-भगिनींनो, तुमच्या गावची शाळाही अशीच असेल. पट घटतो आहे, सकाळी पिवळी गाडी येते आणि निम्मी मुले दुसऱ्या गावी घेऊन जाते, अशी तक्रार मी ठिकठिकाणी ऐकतो. वर सांगितलेल्या उपक्रमांनी पट लगेच वाढतो असा माझा दावा नाही. ज्याला आपले मूल जिथे घालायचे तिथे त्याने घालावे. पण जी मुले गावच्या शाळेत आहेत, ती कोणाची तरी उरलेली मुले नाहीत. ती आपली मुले आहेत, आणि त्यांची शाळा फक्त गुरुजींची नाही.

तेव्हा येत्या वर्षी चार गोष्टी करून पाहा.

पहिली, शाळेला नुसती वर्गणी देऊ नका, एक प्रश्न द्या. माझे बियाणे उगवेल का? माझ्या विहिरीचे पाणी दर महिन्याला किती खाली जाते? खरिपाचे पीक निघाल्यावर माझ्या रानातला माती नमुना कसा घ्यायचा? ज्या प्रश्नाचे उत्तर गुरुजींना आणि साहेबाला आधीच ठाऊक आहे, त्यात मुलांना रस नसतो. ज्याचे उत्तर कोणालाच ठाऊक नाही आणि घराला हवे आहे, त्यासाठी ती जीव टाकतात.

दुसरी, समितीच्या बैठकीला जा. घरातून बाई सदस्य असेल तर तिच्या जागी दादल्याने किंवा दिराने जाऊन बसू नये, तिलाच जाऊ द्या. सही करण्याआधी काय लिहिले आहे ते वाचून घ्या. वाचता येत नसेल तर आपल्याच मुलाकडून वाचून घ्या, त्यात लाज कसली?

तिसरी, वर्षातून एक दिवस शाळेला द्या. कोणाला कलम बांधता येते, कोणाला टोपली विणता येते, कोणाला जुन्या ओव्या येतात, कोणाला बैलाचे वय दातावरून सांगता येते. हे पुस्तकात सापडत नाही. गुरुजींना आधी भेटून वेळ ठरवा, म्हणजे अभ्यासाचा खोळंबा होणार नाही.

आणि चौथी सर्वांत महत्त्वाची. मूल घरी येऊन काही सांगू लागले तर ऐका. ते सांगते ते आपल्याला न आवडणारे असले तरी ऐका. शेहेचाळीसचा आकडा घेऊन दाराआड उभी राहिलेली ती पोर माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. त्या दिवशी तिला गप्प बसवले असते, तर तिने पुढे कधी दाणे मोजले नसते, आणि मोजले असते तरी आकडा खरा सांगितला नसता.

ती मुलगी आता तालुक्याच्या गावी हायस्कूलला जाते. मागच्या एप्रिलात एका रविवारी ती त्या जुन्या शाळेच्या ओसरीवर दिसली. धाकट्या भावाच्या वर्गातल्या मुलांना दाणे मांडून दाखवत होती. मी जवळ गेलो तर म्हणाली, "सर, जरा बाजूला व्हा. तुमची सावली पडली की मोजताना चूक होते."

मी बाजूला झालो.

पुढच्या खेपेला माती नमुना घेण्याची रीत सविस्तर सांगेन. तोवर घरच्या पोत्यातले शंभर दाणे मोजून ठेवा. राम राम!